अक्कानं खोडलेला शब्द

रविवार, संध्याकाळ. कोल्हापूर.

आज अक्का आजऱ्याहून आली. मंगळवार पेठेतल्या आमच्या घरातला तिचा हिस्सा मी विकत घेतोय, त्याचा मसुदा तिला दाखवायचा होता. वकिलांनीच सुचवलं होतं, पैसे परस्पर द्या आणि कागदावर 'विनामोबदला हक्कसोड' लिहू. म्हणजे माझं मुद्रांक शुल्क नाममात्र, आणि तिला नफ्यावर कर नाही. मला ते लगेच पटलं होतं. का पटलं होतं?

अक्कानं चष्मा लावून सगळं वाचलं आणि 'विनामोबदला'वर बोट ठेवलं. "ह्येचा अर्थ फुकट, व्हय?"

"फक्त कागदावर, अक्का. तुझाच कर वाचतोय."

"आमच्या तिकडं बहिणी एका साडीच्या बदल्यात हक्क सोडून सह्या करत्यात. मी तशी केली न्हाय, हे कागदानं सांगाय पायजे की. पैसे चेकनं दे. माझा कर मी भरीन. पॅनकार्ड हाय माझं."

मग मलाही पूर्ण शुल्क भरावं लागेल, असं मी म्हटलं.

"भर की," ती म्हणाली, आणि माझंच पेन घेऊन तिनं तो शब्द खोडला.

विनामोबदला. तीनदा वाचला होता मी, एकदाही खटकला नाही. खर्च वाढला म्हणून चिडायला हवं होतं, पण मी तिच्याकडे बघतच राहिलो. एवढं सरळ माणूस आमच्याच घरात वाढलं.

उद्या वकिलांना नवा मसुदा करायला सांगतो. नोंदणीच्या दिवशी माझ्या लेकीला सोबत नेणार आहे. आत्या सही कशी करते, ते तिनं बघावं.