ठोकळ्यांचा जिना

लालबाग, मुंबई
ता. १० ऑक्टोबर १९५६

प्रिय वहिनी,

तुझ्या नावाआधी आता सौ. लिहिता येत नाही, म्हणून नुसतंच 'प्रिय वहिनी'. आम्ही सगळी बरी आहोत. तुला ताप पुन्हा आला नाही ना? तिकडे भात कापणीला आलं असेल. पाठवलेली कोकमं पोचली. यांना सोलकढी फार आवडली.

आता मोठी बातमी. मालन बोलू लागली! हो, बोलू लागली.

तू तापातच माहेरी निघालीस तेव्हा 'पोरीला इथल्या डॉक्टरांना दाखवू' म्हणून मी तिला ठेवून घेतलं. त्यांनी घसा, कान, सगळं तपासलं. म्हणाले, कुठे काही बिघाड नाही. दादा गेल्यापासून सहा वर्षांची पोर मुकी, आणि बिघाड नाही! मग त्यांनीच परळच्या एका बालमंदिराचा पत्ता दिला. तिथे मृणालिनीबाई म्हणून आहेत, गिरगावातून येतात. एका खोलीत वाळूचं घमेलं, माती, लाकडी ठोकळे, चिंध्यांच्या बाहुल्या. मी विचारलं, "बाई, औषध कधी सुरू करणार?" तर म्हणाल्या, "हेच औषध. तिला हवं ते खेळू द्या. असं का केलंस म्हणून विचारू नका. नुसत्या शेजारी बसा."

मला हे श्रीमंतांचं खूळ वाटलं. तरी बसत गेले. महिनाभर मालननं बाहुल्या वाळूत पुरल्या आणि वरून हात फिरवून वाळू सपाट केली. दुसरं काही नाही. मी घरी येऊन रडायची.

श्रावणात तिनं ठोकळ्यांचा जिना रचला. एक बाप्या बाहुला जिन्यावरून उतरवला आणि खाली आडवा केला. पुन्हा वर नेला, पुन्हा उतरवला. रोज तेच. मग एके दिवशी सगळ्यांत छोटी बाहुली उचलून तिला फटाफट मारायला लागली. बाई हळूच म्हणाल्या, "हिला फार मार बसतोय." तेवढंच.

आणि मालन बोलली, "हिला दूध पाहिजे होतं."

वहिनी, सात महिन्यांनी तिचा आवाज ऐकला, तो हा.

चार वेळा लिहायला बसून कागद फाडला, तो याच्यासाठी. आज लिहिते. जानेवारीत गोळीबार झाला त्या दिवशी, संचारबंदीत, तू आत मालनला थोपटत होतीस. दूध संपल्याचं तू सकाळी म्हणाली होतीस, खरं आहे. दादा म्हणाला होता, उद्या बघू. त्याला खाली धाडलं ते मी. यांची गिरणीतली पाळी सुटून दोन तास झाले होते, मला राहवेना. दाराशी दादाचा हात धरून म्हटलं, "नाक्यापर्यंत बघून ये ना रे." चपला घालता घालता तो हसला, "भित्री कुठची!" म्हणाला. हे सुखरूप घरी आले. दादा आला नाही.

तेराव्याला कुणी बाईनं विचारलं, अशा गोळीबारात तो गेला तरी कशाला? तू खाली मान घालून म्हणालीस, "घरात दूध नव्हतं." तुला तसंच वाटत होतं. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. उलट मीच ओरडले, "या दुधापायी माझा भाऊ गेला!" मालन तुझ्या पदराशी उभी होती. त्यानंतर तिनं दुधाला तोंड लावलं नाही, आणि मला कळलं नाही. की कळूनही घेतलं नाही, देव जाणे.

त्या खोलीत मी एक बाहुली उचलली. जिन्याच्या वरच्या टोकाला ठेवली. म्हटलं, "मालन, ही आत्या. बाबांना 'जा, बघून ये' असं ही म्हणाली. दूध कुणीच मागितलं नव्हतं."

पोरगी जिन्याशी सरकली. मग तिनं ती आत्या उचलली आणि भिंतीवर फेकली. मी हललेही नाही. थोड्या वेळानं स्वतःच उठून घेऊन आली, तिच्यावरची वाळू झटकली आणि माझ्या मांडीवर ठेवली. बाई खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी नळावर सगळ्या बायकांसमोर मी हे सांगून टाकलं. शेजारची सुंदराबाई हंडा तसाच ठेवून म्हणाली, "अगो, मगे इतके दिस गप कित्याक रवलंस?" इतके दिवस गप्प का राहिले, हे तिचं विचारणं खरंच आहे. यांनाही सांगितलं. ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, आता बोलतात.

कोकणच्या बोटी सुरू झाल्यात. तू ये. राहायला ये, नाहीतर मालनला घेऊन जायला ये. ती माझ्या कुशीत झोपते, तिच्यावाचून मला घर खायला उठेल. पण ती तुझी आहे. तिचे कपडे धुऊन, घड्या घालून ठेवलेत. मला दारात उभं करून काय बोलायचं ते बोल, मी ऐकेन.

मालन दुधाचा पेला घेऊन शेजारी बसलीय. म्हणते, माझंपण लिही. तिच्याच शब्दांत लिहिते: "आई, बाबा दुधासाठी नाही गेले. तू पण पी."

तुझी गुन्हेगार, आणि तरीही तुझीच,
शैला