माझ्या अक्षरातली चौदा पत्रं

पप्पा,

तुमच्या पत्रांचं पुस्तक निघणार होतं. ते आता निघणार नाही. ते मी होऊ दिलं नाही, आणि हे तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं म्हणून लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन सत्तावीस वर्षं झाली, तेव्हा दुसरं कोण सांगणार म्हणा. पण तुमची शिस्तच तशी होती, पत्र आलं की उत्तर गेलंच पाहिजे. शाळेतली नोकरी सोडल्यापासून मी आणि आई दोघीच बेलापूरच्या घरात राहतो. आई ब्याऐंशीची आहे. डाव्या कानानं तिला ऐकू येत नाही, ते कशामुळे हे तुम्हाला ठाऊक आहे.

वाचनालयाचे कार्यवाह दोन महिन्यांपूर्वी एका रविवारी, आम्ही चर्चमधल्या उपासनेहून परतलो तेव्हा, ओसरीवर बसलेले दिसले. तुमचेच विद्यार्थी. स्वतःचे केस पिकले तरी तुमचं नाव घेताना अजून ताठ होतात. मांडीवर झेरॉक्सचा जाड गठ्ठा. तुम्ही कवींना लिहिलेली पत्रं त्यांनी ठिकठिकाणी जाऊन जमवली होती. काही कवी हयात आहेत, काहींच्या मुलांनी ट्रंका उघडून ती काढून दिली. एकूण अठ्ठेचाळीस. त्यांचं पुस्तक करायचं, मी 'दोन शब्द' लिहायचे, आणि यंदापासून चांगल्या कवितासंग्रहाला तुमच्या नावानं बक्षीस द्यायचं, असा बेत होता. गठ्ठा माझ्या हातात देताना त्यांचे डोळे भरून आले. मला काहीच वाटलं नाही. मी त्यांना चहा दिला.

तुम्ही कोण होतात, हे या लोकांना पक्कं माहीत आहे. कवी नवा संग्रह छापतो, पहिल्या पानावर 'सप्रेम भेट' लिहितो, आत अभिप्राय कळवण्याची विनंती करणारी चिठ्ठी घालून ओळखीच्या वाचकांना पोस्टानं धाडतो. बहुतेक लोक दोन ओळींची पोच देतात किंवा तीही देत नाहीत. तुम्ही मात्र प्रत्येकाला उत्तर लिहायचात, निळ्या अंतर्देशीय पत्राची घडीसुद्धा भरून. एका गावच्या प्राथमिक शाळेतला मास्तर, पण पार मुंबई-नागपूरचे कवी तुमच्या अभिप्रायाची वाट पाहायचे. त्यांतले एक आपल्या घरी जेवायला आले होते, आठवतं का? आईनं मटण केलं होतं. वाढताना तिनं पदर गालावर ओढून घेतला होता आणि तो कवी तिला म्हणाला, वहिनी, असा हळवा माणूस मिळाला, नशीब काढलंत. आईनं मान हलवली आणि त्याला आणखी रस्सा वाढला.

गठ्ठ्यातली पत्रं मी खाटेवर मांडली. पत्रांत अक्षरं दोन होती. एक तुमचं, उजवीकडे कललेलं, घाईचं. दुसरं गोल, सुटं, प्रत्येक शब्दावर न चुकता रेघ ओढलेली. सही तेवढी तुमची, तीही वाकडीतिकडी. गोल अक्षरातली पत्रं मी बाजूला काढली. चौदा निघाली. कुणाच्या हे लक्षात आलं नव्हतं, येणार तरी कसं? ते अक्षर माझं आहे. आणि माझ्या अक्षरात पत्र कधी जायचं, हे जगात फक्त तिघांना माहीत होतं.

त्या पहिल्या दिवसाबद्दल आपण कधी बोललो नाही, म्हणून आज बोलते. मी पाचवीत आहे. तुम्ही चहा पितापिता वाचत होतात तो संग्रह ओट्यावर तसाच ठेवून अंघोळीला गेलात. आई चुलीवरून दुधाचं पातेलं उतरवते. पातेलं भाजतंय, ठेवायला जागा नाही, म्हणून हाताला लागलं त्यावर ते टेकवते. तुम्ही येता. पातेलं उचलता, तर त्याच्या बुडाला मुखपृष्ठाचा रंग चिकटून येतो. तुम्ही ओरडलाही नाहीत. चुलीपाशी लोखंडी फुंकणी होती, ती उचललीत. पहिला फटका खांद्यावर, दुसरा हातावर, कारण तिनं हात मध्ये घातला. मग केस धरून तिचं डोकं ओट्याच्या कडेवर आपटलंत, एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा कानफटात मारलीत तेव्हा तिच्या कानातून रक्ताची बारीक धार गळ्यापर्यंत आली. दूध सगळ्या फरशीवर पसरलं होतं. ती त्यात बसली होती. तुम्ही पंच्यानं पुस्तक पुसत होतात.

अर्ध्या तासानं बाहेरच्या खोलीतून तुम्ही मला हाक मारलीत. अंतर्देशीय पुढ्यात होतं, पण पेन धरवत नव्हतं. हात थरथरत होता. बस, मी सांगतो तसं लिही, म्हणालात. आणि तुम्ही सांगू लागलात. त्याच संग्रहात घरातल्या बाईच्या कष्टांवर एक कविता होती. त्या कवितेबद्दल तुम्ही इतकं सुंदर बोललात पप्पा, की मी लिहिता लिहिता थांबून तुमच्याकडे पाहत राहिले. तुमचे डोळे वाहत होते. मध्येच तुम्ही मला विचारलंत, इथं 'सोसणं' बरं की 'साहणं'? आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही मला काही विचारलं होतं. मी म्हणाले, सोसणं.

तेव्हापासून तसंच होत गेलं. हात थरथरत असला की लेखनिक मी. नाताळच्या दुसऱ्या दिवशीचं एक पत्र आहे, आईचा दात पडला तेव्हाचं. एक पत्र तुम्ही तिला परसात लाथ घातलीत आणि ती विहिरीच्या कठड्यावर पडली, त्या संध्याकाळचं. 'लोका सांगे ब्रह्मज्ञान' ही म्हण मी वर्गात वर्षानुवर्षं शिकवली, पण ती मी कुठे शिकले हे मुलांना सांगितलं नाही. आणि खरी चीड पुढे आहे. कार्यवाहांनी उत्तम पत्रांवर लाल पेन्सिलीनं खुणा केल्या होत्या. अशा पंधरा खुणा. त्यांतल्या बारा माझ्या चौदा पत्रांवर. खुणा बघून मी झेरॉक्सच्या कागदांवर मूठ आपटली, पुन्हा आपटली, बोटांची सालं निघेपर्यंत. रागीटपणा कुणाचा घेतला हे सांगायला नको.

मीही आता अभिप्राय लिहिते. तुमच्या पत्त्यावर संग्रह येतच राहिले, मग मी उत्तरं द्यायला लागले. माझी कीर्ती तुमच्यासारखी नाही. सरांची मुलगी, पण जिभेला काटे, असं म्हणतात. गेल्या वर्षी एका तरुण कवीचा संग्रह आला, पानोपानी सुरे, कुऱ्हाडी, रक्ताचे पाट. मी त्याला लिहिलं की बाबा रे, तू रक्त पाहिलेलं नाहीस. फरशीवर वाळलेलं रक्त लाल नसतं, चहाच्या डागासारखं दिसतं आणि ते काथ्यानं घासून काढावं लागतं. त्याचं उत्तर आलं नाही. बरं झालं.

मग एका मुलीचा संग्रह आला, कोपरगावकडची, वडील साखर कारखान्यात कामाला. त्यातल्या एका कवितेत आई रोज सकाळी आरशासमोर बसून भांग दुसऱ्या बाजूला पाडते, कारण एका बाजूचे केस मुठीनं उपटले गेलेत आणि तिथली कातडी दिसते. मुलगी आरसा धरून उभी असते. एवढीच कविता. एकही शब्द ओरडत नाही. मी वाचली आणि पुस्तक उचलून भिंतीवर फेकलं. ते तुमच्या फोटोखाली आपटून पडलं. थोडं वर लागून काच फुटली असती तर चाललं असतं. तीन महिने मी त्या मुलीला अभिप्राय लिहू शकले नाही. मी नंतर पुन्हा उघडून पाहिला तेव्हाही तिचा संग्रह तितकाच चांगला होता. इतका चांगला संग्रह मी कित्येक वर्षांत वाचला नव्हता.

कार्यवाह पुन्हा आले ते आनंदानं फुलून. बक्षीस समितीनं एकमतानं त्याच मुलीचा संग्रह निवडला होता. सरांच्या नावाचं पहिलं बक्षीस, आणि तेही आईवरच्या कवितांना, याहून चांगला योग कुठला, असं ते म्हणाले. मला डोळ्यांसमोर दिसलं: स्टेजवर हार घातलेला तुमचा फोटो, त्याखाली ती मुलगी, तिच्या हातात तुमच्या नावाचं मानपत्र. ती वाकून तुमच्या फोटोला नमस्कार करणार, तिला कुणी सांगितलेलं नसणार. मी त्यांना म्हणाले, मला आठ दिवस द्या.

मी आईला विचारायचं ठरवलं. दुपारी तिच्या उजव्या बाजूला बसून एक पत्र वाचून दाखवलं, ते दुधाच्या दिवसाचं. ती तांदूळ निवडत होती, निवडत राहिली. मी विचारलं, आई, छापायचं का हे?

"मला नको इचारू," ती म्हणाली. "मी कुठं हुते त्यात? मी आत हुते. तुमी दोघं बाहेर हुतात."

मी पत्र बाजूला ठेवलं. थोड्या वेळानं ती आपणहून बोलायला लागली. आतून तिला सगळं ऐकू यायचं. एक कान गेला तरी दुसरा होता. तुम्ही शब्द विचारायचात, मी सांगायचे, तेही तिला ऐकू यायचं.

"माझ्यासंगट कदी बोलले न्हाईत तसं," ती म्हणाली. "मला वाटायचं, एवढं ग्वाड बोलता येतंय ह्या मान्साला. मंग तू हसायचीस. लई हसायचात दोघं. तुजं हसू आलं की माजा जीव खाली पडायचा. म्हनायचे, चला, आजच्यापुरतं मिटलं."

तिच्या आवाजात काही नव्हतं. राग नाही, टोमणा नाही. ताटातला खडा तिनं बोटानं कडेला केला. मी उठून मोरीत गेले आणि चूळ भरत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी वाचनालयात गेले आणि कार्यवाहांच्या टेबलावर चौदा पत्रं मांडली. हे अक्षर माझं आहे, आणि यातल्या प्रत्येक पत्राच्या दिवशी पप्पांनी माझ्या आईला मारलेलं आहे, असं सांगितलं. त्यांनी चौदाही पत्रं एकेक करून उचलून पाहिली. शेवटी म्हणाले की सरांनी शाळेत कधी कुणाला टपलीसुद्धा मारली नाही. मी म्हणाले, माहीत आहे, ते सगळं घरी आणायचे.

"पण ताई, पत्रं तर खोटी नाहीत ना?" ते म्हणाले.

पत्रं खोटी नाहीत. चाळीस वर्षं कविता वाचणारी बाई म्हणून सांगते, कवितेला कुणी वाचकानं दिलेली इतकी चांगली उत्तरं मी दुसरीकडे पाहिली नाहीत. ती खोटी असती तर मी तुम्हाला केव्हाच सोडून दिलं असतं. मी म्हणाले, छापायची तर माझे 'दोन शब्द' जसेच्या तसे छापा, नाहीतर काहीच नको. त्यांनी ते लिहून मागितले, समितीपुढे ठेवायला.

मी एका बैठकीत सात पानं लिहिली. फुंकणी लिहिली, ओट्याची कड लिहिली, दात, विहिरीचा कठडा, मटण वाढताना गालावर ओढलेला पदर, थरथरता हात. कुठेही आडपडदा ठेवला नाही. समितीची सभा झाली आणि कार्यवाहांचा फोन आला. आवाज कोरडा होता. पुस्तक रद्द, बक्षीस वाचनालयाच्या नावानं द्यायचं, फोटो लावायचा नाही. मुलीला बक्षीस मिळणार. त्यांनी ती सात पानं परत पाठवली, सोबत चिठ्ठी नाही. त्या दिवशी मी मुलीला अभिप्राय लिहिला, आणि तो माझ्याच अक्षरात, माझ्याच सहीनं गेला.

सगळे म्हणतात मी धीट. शेजारची पाळकबाई, आमच्या चर्चच्या पाळकांची बायको, म्हणाली, खरं बोलायला छाती लागते. पप्पा, त्या सात पानांत एक गोष्ट मी लिहिली नाही. आई सांगून गेली ती. मी हसायचे. तुम्ही मला जवळ बसवायचात, माझा शब्द घ्यायचात, आणि मला इतकं बरं वाटायचं की आत काय पडलंय हे मी विसरून जायचे. विसरायचे म्हणणंही खरं नाही. पत्र आपल्याला कधी लिहायला मिळतं हे मला कळत होतं, आणि तरी नवा संग्रह पोस्टानं आला की मी तुमच्या हाताकडे बघत राहायचे. मी वाट बघायचे, पप्पा. पुढच्या पत्राची.

हे मी तुम्हाला लिहिलं, कारण तुम्ही वाचू शकत नाही. आई रोज सकाळी चष्मा लावून पवित्र शास्त्र वाचते, तिला सगळं वाचता येतं. म्हणून तिला लिहिलं नाही.