लाल ठिपका

सोमवार
ठराव : रोज लिहायचं. मोठे चित्रकार लिहितात.
गुरुवारपासून ग्रुप शो. माझं एकच चित्र : 'शून्याचा पाठलाग', पाच फूट, सगळं राखाडी. बायकोने विचारलं, पूर्ण झालं का.
तिच्याशी करार झालाय. चित्र विकलं तर स्टुडिओ माझा. नाहीतर ती खोली मुलीला अभ्यासाला. सध्या मुलगी स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या मोजत भूगोल करते. करार मीच सुचवला. भीती कसली?

गुरुवार
उद्घाटन. गर्दी बरीच, बिस्किटांपाशी जास्त. माझं चित्र स्विचबोर्डशेजारी, म्हणजे मोक्याच्या जागी. पलीकडे मांजरवाला. अकरा वर्षं मांजरंच काढतोय, बिचारा.
एक गृहस्थ माझ्या चित्रापुढे चांगली चार मिनिटं थांबले. मग त्यांना पंख्याचं बटण सापडलं.

शुक्रवार
मांजरवाला दोन, मी शून्य. चित्र विकलं की गॅलरीवाल्या बाई त्याच्या लेबलवर लाल ठिपका चिकटवतात. लोक ठिपका बघूनच थांबतात. मेंढरं सगळी.

शनिवार, सकाळी ९.४०
मुलीच्या कंपासपेटीतून एक लाल गोल स्टिकर घेतला. चोरला नाही, कलासाहित्य आहे. बाई चहाला गेल्या की माझ्या लेबलवर लावणार. मागणी वाढली की हळूच काढायचा.

संध्याकाळी
मागणी वाढली. सहा जण थांबले. एक बाई मैत्रिणीला म्हणाल्या, यात काहीतरी असणार. घरी फोन करून सांगितलं, विकलं. आज ना उद्या विकणारच होतं. बायको इतकी खूश झाली की मलाही खरं वाटलं.

रविवार
शो संपला. ठिपका काढायचा राहिला. बाईंनी विचारलं, हा कुणी लावला, वहीत नोंद नाही. म्हटलं, गूढ आहे.
चित्र टेम्पोतून घरी. बायकोला सांगितलं, ग्राहकाकडे रंगकाम चाललंय, तोवर इथेच.

सोमवार
मेव्हण्याकडे जेवण. सोफ्याच्या वर भिंतीला मांजर! मी हसलो. हसायला नको होतं.
शनिवारी बायकोनेच त्याला गुपचूप पाठवलं होतं, माझं चित्र घ्यायला. त्याने ठिपका पाहिला. भावोजींनी बाजी मारली म्हणून त्याला भरून आलं. रिकाम्या हाताने कसं परतायचं, म्हणून मांजर घेतलं. आज ते आणायला गेला तेव्हा बाईंनी सांगितलं, राखाडी चित्र विकलंच नव्हतं, ठिपका भलत्यानेच लावला.
मुलगी म्हणाली, "म्हणून माझा एक स्टिकर कमी आहे."
बायकोने माझ्या ताटात आणखी एक पोळी वाढली. भांडली असती तर बरं झालं असतं. फार लाज वाटली.

मंगळवार
खोली रिकामी केली. 'शून्याचा पाठलाग' भिंतीकडे तोंड करून उभं आहे. मागच्या कोऱ्या बाजूवर मुलीने वेळापत्रक चिकटवलं. चार लाल स्टिकर लावून.
हे स्वयंपाकघरातून लिहितोय. जास्त लिहिता येणार नाही. तिसऱ्या शिट्टीला गॅस बंद करायला सांगितलंय, आणि दोन झाल्या की तीन, ते आठवत नाही.