क्रीमची नळकांडी

मंगळवार, सोळा तारीख
हॉस्पिटलचं कँटीन, खिडकीजवळचं टेबल

प्रिय ताई,

वाकून नमस्कार करायला गेलो तर तोंडावर आपटेन, म्हणून बसल्या बसल्याच करतो. आईचा गुडघा कसा आहे? मामाने ती स्कूटर विकली की अजून ढकलतच नेतो? पाच महिने फोन उचलला नाही म्हणून तू चिडली असशील. चीड, पण आधी हे ऐक, माझ्या पोटात मावत नाहीये. कारण सापडलं! पायांचं कारण सापडलं आणि ते रक्तातलं नाही! म्हणजे तू तुझ्या गणिताच्या मास्तरांना लग्नाला नाही म्हणालीस ते उगीच!

थांब, क्रमाने सांगतो. (इथला चहा भयंकर आहे, पण मी तिसरा पितोय.)

तुला मी फक्त ‘पाय जड झालेत’ एवढंच बोललो होतो. खरं म्हणजे तळपाय सतत कापसावर ठेवल्यासारखे वाटायचे. चप्पल मागे राहायची आणि मी चार पावलं पुढे, पत्ताच नाही. मग गुडघे ताठ व्हायला लागले. जिना उतरताना वळायचेच नाहीत. बुटाचं टोक फरशीला घासून फाटलं. तुला आठवतं, बाबा शेवटी शेवटी कसे पाय ओढत, कात्रीसारखे एकमेकांत अडकवत चालायचे? तस्सं. केकच्या कारखान्यातले आमचे वस्ताद म्हणाले, “रोबोट, ट्रे ठेव आणि डॉक्टर गाठ. क्रीम सांडलंस तर मी रडेन.”

इथली डॉक्टरीणबाई जबरदस्त आहे. गुडघ्यावर छोटी हातोडी मारली, तर माझ्या पायाने तिचं पेन उडवलं. पाऊल वर दाबून धरलं तर पाय शिलाई मशीनसारखा टकटक टकटक, थांबेचना. मग म्हणाली, “डोळे मिटून उभे राहा.” मी मिटले आणि थेट तिच्या अंगावर!

“पायांत जोर कमी आहे आणि ताठरपणा जास्त,” ती म्हणाली. “म्हणजे गडबड पायांत नाही, पाठीच्या कण्यातून खाली येणाऱ्या नसांत आहे.” त्याला कारणं म्हणे पुष्कळ. मणका दाबला जातो, मार लागतो, गाठ असते, जंतू असतात, काही घराण्यांत ते उतरतं, कधी नुसतं एखादं जीवनसत्त्व कमी पडतं. बाबांचे जुने रिपोर्ट मी मामाकडून गुपचूप मागवले होते. ते तिने दोनदा वाचले. बाबांचे मानेचे मणके झिजून आतली नसांची दोरी दाबत होते, बस्स. “यात मुलांना देण्यासारखं काही नाही,” म्हणाली.

मग माझं रक्त तपासलं, पाठीच्या कण्याचा फोटो काढला आणि विचारलं, “काम काय करता?”

“केकवर क्रीम मारतो.”

तिने पेन खाली ठेवलं. “गॅसच्या नळकांड्यांनी?”

ताई, बोटाएवढी पोलादी नळकांडी असतात. क्रीमच्या बाटलीला लावली की क्रीम फुगतं. तोच गॅस फुग्यात भरून ओढला की मिनिटभर जग हसायला लागतं. आम्ही सगळेच जेवणाच्या सुट्टीत एकेक ओढायचो. मी एकावर थांबलो नाही. दिवसाला तीस, कधी चाळीस. तो गॅस शरीरातलं बी-बारा निकामी करतो आणि मग नसांवरचं आवरण झिजतं. मी वर्षभर हसत हसत माझे पाय झिजवले.

आता गॅस बंद, इंजेक्शनं चालू. दंड सुजलाय. सगळं भरून येईलच असं नाही, थोडा ताठरपणा राहील कदाचित. पण काल मी डोळे मिटून सात आकडे मोजेपर्यंत उभा राहिलो!

आता उरलेलं. तू शेवटच्या फोनवर म्हणालीस, “आधी बाबा, आता तू. उद्या माझ्या मुलांना झालं तर? मी मास्तरांना नाही सांगून टाकलं.” तेव्हाच मला खऱ्या कारणाचा अंदाज होता. आमच्या कारखान्यात भांडी घासणाऱ्याचे पाय असेच झाले होते, गॅस सोडल्यावर सुधारले, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. इथे येण्याआधी ज्याला दाखवलं त्या पहिल्या डॉक्टरने ‘काही नशा करता का’ असं सरळ विचारलं होतं, तेव्हाही मी मान हलवून नाही म्हणालो. रक्तातलं म्हटलं की सगळे हळहळतात. आई मायेने बोलत होती, तू रडत होतीस. नळकांडी म्हटलं असतं तर तू कान उपटले असतेस. मला तुझं रडणं सोपं वाटलं. फोन ठेवला आणि दोन ओढली.

म्हणूनच मग तुझे फोन उचलले नाहीत.

सोबत डॉक्टरीणबाईंच्या सहीचा कागद आहे, बाबांबद्दलही दोन ओळी मुद्दाम लिहून घेतल्यात. हे पत्र आणि तो कागद घेऊन आजच मास्तरांकडे जा. लाजू नकोस, माझी सगळी अब्रू त्यांना मोठ्याने वाचून दाखव. तो नकार तुझ्या तोंडून गेला, पण दिला होता मी. तो मी मागे घेतोय.

आपले पाय आपणच बिघडवलेला,
तुझा धाकटा