लाल्याचा आठवा दिवस

प्रिय आत्या,

तुला जाऊन चार महिने झाले. तुझ्या आठवणीने रडले खूप, पण लिहावंसं आज वाटलं. सांगायला दुसरं माणूस नाही. लाल्या माझ्या लेकीला, कुसुमला चावला. आज आठवा दिवस.

लाल्या म्हणजे तुझ्या रंगी कुत्रीचं पिल्लू. तुझ्या बाराव्याला मी मुरुडला आले, तेव्हा तिची पाच पिल्लं जेमतेम तीन आठवड्यांची होती. कुसुम एकाला सोडेना, आणि मलाही तुझ्या घरातलं काहीतरी जिवंत हवं होतं. सासूबाईंनी निघतानाच सांगितलं होतं, डोळे उघडले की पिल्लू उचलायचं, म्हणजे ते आईला विसरतं आणि नव्या घराला धरून राहतं. आमच्या आगरदांड्यात सगळे असंच करतात. मी त्याला टोपलीत घालून एस.टी.त बसले. रंगी गाडीमागे वेशीपर्यंत धावत आली. ती का धावते, असं कुसुमने विचारलं, तर म्हटलं, पोचवायला येतेय. किती सहज खोटं बोलले गं!

मला ठाऊक नव्हतं असं नाही. संस्थान विलीन झालं त्या सालापासून तुझ्या दारात कुत्री, वाळत घातलेल्या बोंबलांची राखण करायला. कितीही मोठ्या घरचं माणूस मागायला आलं तरी दोन महिन्यांच्या आत तू पिल्लू दिलं नाहीस. देण्याआधी त्याच्या तोंडात आपलं बोट द्यायचीस. दात रुतला की पिल्लू परत आईकडे.

"अजून शिकला न्हाय," म्हणायचीस. "जोरात चावला का भाऊ खेळ सोडतो, आय गुरकावते. ते आपल्याला न्हाय शिकवता येत, पोरी."

मी हसायचे तुला.

आणि तुला तरी जायची एवढी कसली घाई होती? आणखी दोन महिने थांबली असतीस, तर तुझ्यासमोर ते पिल्लू उचलायची माझी छाती झाली असती का?

लाल्या रागाने चावला नाही. अंगणात खेळता खेळता त्याने कुसुमचं मनगट धरलं आणि सोडायचं कधी हे त्याला कळलं नाही. चार दात खोल गेले. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी जखम साबणाने धुतली आणि सांगितलं, कुत्रा बांधून ठेवा, दहा दिवस नजर ठेवा. तो पिसाळला किंवा मेला तर मुलीला ताबडतोब अलिबागला न्यायचं, पोटात चौदा इंजेक्शनं. सहा वर्षांच्या पोरीचं पोट ते, आत्या!

त्याच दिवशी मोठे दीर वल्हं घेऊन आले. मी लाल्याच्या आडवी झाले. म्हटलं, "त्याला मारलात तर माझ्या पोरीचं कळनार कसं?" तेव्हा ते मागे फिरले.

तेव्हापासून रोज सकाळी जर्मनच्या वाडग्यात पाणी ठेवते आणि लांब उभी राहते. काल त्याने तोंडच लावलं नाही. दुपारपर्यंत मीही जेवले नाही. मग प्यायला, वाडगा चाटूनपुसून. आणि जेवताना कुसुम पाणी नको म्हणाली, तर मी अशी किंचाळले की पोर थरथरायला लागली. नुसती रुसली होती ती. नंतर जवळ घेऊन म्हटलं, लाल्याला आपला जोर कळत नाही.

"का न्हाय कळत?" तिने विचारलं.

मी चुलीकडे वळले.

आता खरी भीती सांगते. आमच्या घरधन्याचं आणि दिरांचं ठरलंय, अकराव्या दिवशी लाल्याला खाडीवर न्यायचं. म्हणजे तो जगला तर माझी पोर सुटली, आणि ती सुटली की त्याला मारायचं. चावरा कुत्रा लहान पोरांच्या घरात नको, यात त्यांचं तरी काय चुकलं? मलाही त्याची भीती वाटते. भाकरी लांबूनच टाकते.

पण चूक मी केली आणि जीव त्याचा जाणार, हे कसलं? तूच सांग.

आत्या, तुला शब्द देते. परवा दहावा दिवस सरेल. लाल्या तेव्हा नीट असला, तर त्याची दोरी मी माझ्या हाताला बांधून घेईन. मग खाडीवर न्यायचं तर दोघांना न्यावं लागेल.

तुझीच भाची,
शेवंती