शाईने लिहिलेली लेबलं

सोम., ३ नोव्हें.
सकाळी गॅस दोनदा बघितला. बंदच होता. चहा एक कप केला, अर्धा ओतला. दुधाला वास आला असं वाटलं. दुसरं कोणी हुंगायला असतं तर कळलं असतं.
अकराला अनोळखी नंबर. तीनदा वाजू दिला, हल्ली फार फसवतात. चौथ्यांदा उचलला. मुलगी निघाली, मृण्मयी नाव. आमच्या जुन्या लॅबमध्ये पीएच.डी. करते. आमच्या मॅडमचं समुद्रातल्या स्पंजांचं काम तिने पुन्हा काढलंय. यवतमाळकडची आहे, काकाजी म्हणते. "नमुन्यांचं रजिस्टर तुमच्या हातचं आहे न काकाजी? काय सुंदर अक्षर!"
अक्षर म्हणाली आणि मी फोन दुसऱ्या कानाला लावला. बुधवारी येते म्हणाली. नको कसं म्हणणार.

मंगळ., ४ नोव्हें.
जेवण गेलं नाही. बीपीची गोळी घेतली की नाही आठवेना, म्हणून पाकिटातल्या मोजल्या. घेतली होती.
तिला काय विचारायचं असेल ते मला माहीत आहे. वीस वर्षं वाट बघतोय, कोणी तरी विचारील म्हणून.

बुध., ५ नोव्हें.
आली. धायरी गावातून विचारत विचारत, हेल्मेट हातात. पोहे केले होते. मीठ जास्त झालं, तरी खाल्ले तिने.
फार बोलते. समुद्राच्या तळाशी चिकटलेला हा जीव, त्याला पळता येत नाही, चावता येत नाही. कोणी खाऊ नये म्हणून अंगात विष तयार करतो, आणि तेच कधी थेंबभर माणसाच्या औषधाला लागतं. मी म्हटलं, हे मॅडमनी मला सांगितलंय, बाटल्या धूत असताना. तर म्हणाली, "आता नवीन ऐका. कधी कधी विष स्पंज करतच नाही, त्याच्यात राहणारे जीवाणू करतात." म्हणजे त्याच्या घरात भाडेकरू तरी आहेत.
मग मुद्द्यावर आली. मॅडमचा दीपगृहाच्या खडकावरचा स्पंज. त्याच्या अर्काने ताटलीतल्या कॅन्सरच्या पेशी एका दिवसात मेल्या होत्या. नंतर त्याच खडकावरून तीनदा नमुने आणले, एकातही काही नाही. हिनेही गेल्या वर्षी आणले. नाही. "काकाजी, तुम्ही बोटीवर होतात. तेव्हा काही वेगळं झालं होतं का?"
नाही म्हणालो. लगेच म्हणालो. फार लगेच.
२० तारखेला पुन्हा चाललीय मालवणला. बोट, पाण्यात उतरणारे दोघे, परवानगी दोनच दिवसांची. एकाच जागी जाता येईल. दीपगृहालाच.

गुरु., ६ नोव्हें.
लिहून ठेवतो. बायकोशिवाय कोणाला सांगितलं नाही, आणि ही जाऊन सहा वर्षं झाली.
मॅडमचा नियम होता, स्पिरिटच्या बाटलीत जाईल ते लेबल पेन्सिलने. रोज सांगायच्या. "शिर्के, पेन्सिल." त्या वेळी तपासणीला बाहेरची समिती येणार होती. पेन्सिलीची लेबलं काळपट, पुसट दिसायची, दुकानातल्या चिठ्ठीसारखी. मी आठवी नापास, पण अक्षर माझं सगळ्या खात्यात एक नंबर. म्हटलं, पाहुण्यांना दिसू दे. शनिवारी सगळी लेबलं निळ्या शाईने नवी लिहिली. जुनी फाडून टाकली.
सोमवारी बाटल्यांतलं स्पिरिट निळसर. लेबलं कोरी.
बाकीचे स्पंज आकारावरून ओळखले. दोन राहिले. पाण्यात एक नारिंगी होता, एक जांभळा. स्पिरिटमध्ये रंग सुटतो, दोन्ही पिवळट चिखल. नारिंगी दीपगृहाचा, जांभळा खाडीच्या तोंडाचा. कुठला कुठला?
मॅडम दहाला येणार होत्या. पावणेदहाला मी अंदाजाने पेन्सिलीने लिहिलं. मोठ्या बाटलीवर दीपगृह, लहानीवर खाडी.
मोठ्या बाटलीतलाच लागू पडला. सगळा अर्क काढण्यात संपला. लहानीत काही निघालं नाही, म्हणून टाकून दिला.
कदाचित मी बरोबर लिहिलं असेल. अर्धी शक्यता आहे. एवढ्यावर वीस वर्षं काढली.

रवि., ९ नोव्हें.
सचिनचा खराडीहून फोन. रविवारी करतो, गाडी चालवता चालवता. त्याला सांगितलं, थोडक्यात. म्हणाला, "बाबा, आता हे उकरून काय मिळणार? कोणी विचारतंय का?" म्हटलं, विचारतायत. "मग आठवत नाही म्हणायचं. तुमच्या वयाला चालतं ते. ठेवतो, सिग्नल सुटला."
ही म्हणायची, सांगून टाका. मी म्हणायचो, मार्चनंतर सांगतो. असे किती मार्च गेले.

मंगळ., ११ नोव्हें.
मृ. ला फोन लावला. दोनदा कट केला. तिनेच उलट केला.
सांगितलं. शाई, समिती, दोन बाटल्या, सगळं.
तिच्या मागे पंख्याचा आवाज. मग, "म्हणजे खाडीच्या तोंडाला कोणी गेलंच नाही?" नाही. "वर्षभर मी तोच खडक परत परत करून राहिली काकाजी." ओरडली असती तर बरं होतं. ठेवते म्हणाली.

शुक्र., १४ नोव्हें.
फोन नाही. माझा चालू आहे का, म्हणून शेजारच्या कुलकर्णींना रिंग द्यायला सांगितली. चालू आहे. "कोणाची वाट बघताय एवढी?" म्हणाले. काय सांगू. दार लावून घेतलं.
तिने आता कधी येऊ नये, बरोबरच आहे. पोह्याच्या दोन बशा अजून ओट्यावरच ठेवल्यात.

रवि., १६ नोव्हें.
मेसेज. "खाडीला जाते आहे. माझे गाइड सर नाराज आहेत. म्हणतात, एका म्हाताऱ्याच्या आठवणीवर बोट फिरवायची का. मी हो म्हटलं. मॅडमना मी सांगणार नाही. ते तुम्ही सांगा."
चार वेळा वाचला. शेवटच्या ओळीपाशी दर वेळी चष्मा काढला.

मंगळ., १८ नोव्हें.
गेलो. धायरीहून बस, मग सदाशिव पेठेत पायी. जिना चढताना परत फिरावंसं वाटलं.
दार मॅडमनीच उघडलं. वाळल्यात. "चपला आत आणू नका. इथल्या चोरांना असल्या चालत नाहीत." मॅडम तशाच आहेत.
बसलो. पाणी दिलं. सांगायला लागलो तेव्हा त्या पेपर घडी करत होत्या. घडी थांबली.
"पेन्सिल सांगितली होती मी."
"हो मॅडम."
"किती वेळा?"
"रोज."
मग खिडकीकडे बघत म्हणाल्या, "लोक म्हणाले, बाईंनी नमुना बिघडवला. हात स्वच्छ नव्हते म्हणाले. तोंडावर म्हणाले, शिर्के. आणि तुम्ही त्याच वेळी चहा घेऊन आत यायचात."
हो. यायचो. साखर कमी, त्यांच्या आवडीचा.
पाण्याचा पेला खाली ठेवला. त्यांनीच संपवलं. "निघा आता. तुमची बस जाईल."
बस गेली नव्हती. चार सोडल्या, मग बसलो.

शुक्र., २१ नोव्हें.
मृ. मालवणात. पहिला दिवस वाया. खाडीच्या तोंडाला गाळ फार, खाली हात दिसत नाही म्हणते. वीस वर्षांत तिथे काही उरलंय की नाही, देव जाणे. मी जागा सांगितली ती तरी बरोबर का? डावीकडे नारळ होते एवढं आठवतं. नारळ काय, सगळीकडेच असतात.
दुपारी वरण लागलं. भांडं भिजत घातलंय.

शनि., २२ नोव्हें.
तीनला फोन. वारा फार, निम्मं ऐकू आलं नाही. दुसऱ्या दिवसाच्या शेवटच्या बुडीत एक मिळाला. मुठीएवढा. जांभळा.
"तोच का काकाजी?"
म्हटलं, मला कसं कळणार. लागू पडला तो मी स्पिरिटमध्येच बघितला, रंग सुटलेला.
हसली. बाराव्या दिवशी हसली. "लेबल पेन्सिलने लिहिलंय. फोटो पाठवते." आला. अक्षर अगदी गचाळ आहे मुलीचं.
अर्क, मग पेशींवर तपासणी. दोन महिने लागतील. काही निघेल किंवा नाही निघणार.
मॅडमना कळवायला हवं होतं. फोन हातात घेऊन बसलो. लावला नाही.

रवि., २३ नोव्हें.
सचिनचा असेल म्हणून न बघता उचलला. मॅडम होत्या. मृ. ने त्यांना फोटो पाठवलाय.
नमस्कार वगैरे काही नाही. "लागू पडला तो मोठ्या बाटलीतला. बरोबर?"
"हो मॅडम."
"आणि मोठी खाडीची होती?"
हो म्हणावंसं फार वाटलं. त्यांना तेच हवं होतं.
"नक्की नाही, मॅडम."
"बरं," म्हणाल्या.
फोन त्यांनी ठेवला नाही. मीही ठेवला नाही. त्यांच्याकडे कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, तीन मोजल्या.