दहा लिटर पाणी

आक्का,

तू फुलंब्रीहून फोन केलास, "मोतीबिंदू दाखवायचाय, दोन दिस ऱ्हाते तुझ्याकडं." मी म्हणाले, "आठवडा झाला, पाणीच आलं नाय गं. पुढच्या महिन्यात ये."

खोटं बोलले. पाणी त्याच सकाळी आलं होतं. पण इथं शहराच्या सातारा परिसरात घराच्या मालकीणबाई पाहुणे मोजतात आणि आमचा अकरा महिन्यांचा करार संपत आला होता.

तरी तू आलीस. एसटीतून दहा लिटरचा कॅन घेऊन, धापा टाकत. "माझ्यापुरतं पाणी आणलंय, तुला तरास नको." मी उठेपर्यंत तू न्हाणीतल्या टिपाडाचं झाकण उचललंस. नीट दिसत नाही म्हणून आत हात घातलास, तो वरच पाण्याला लागला.

हात पदराला पुसलास आणि डोळे न दाखवताच दुपारच्या गाडीनं परत गेलीस.

कॅन अजून दाराशीच आहे. मला ओतवत नाही.

परवा करार वाढवून मिळाला. मालकीणबाई म्हणाल्या, "तुमच्याकडं कुणाचं येणं-जाणं नाय. असलेच भाडेकरू बरे."

तुझी धाकटी,
रत्नमाला